चिन्हापेक्षा उंच

झिवको, बहिणीच्या लग्नाला तुला हा ट्रायपॉड हवाय, माहीत आहे मला. पण लगेच ‘ने’ म्हणणार नाही. चुलीजवळ सरक. दिवा जरा अलीकडे घे. वस्तू कशी आहे ते आधी सांगतो. खरं तेच सांगतो, कारण कालोयानदादाही खरंच सांगायचा.

तू त्याचे व्हिडिओ पाहिलेत. स्वस्तातलं सामान मागवायचा, वरच्या ओसाड वस्तीत नेऊन त्याची परीक्षा घ्यायचा. मी वजनासाठी दगडांची पिशवी धरून मागे. “गवंड्या, हळू अडकव,” ओरडायचा, “भिंत नाही बांधत आपण!” मग कॅमेऱ्याकडे वळून, “मंडळी, स्वस्त म्हणजे वाईट नव्हे. पण स्वस्त म्हणजे सख्खी मावशीही नव्हे.”

आणि तो परदेशी पाहुणा आठवतो? दादा विचारतोय, आणखी रकिया? तो बिचारा मान आडवी हलवतोय. त्याच्या देशात ती नकाराची. आपल्याकडे आडवी म्हणजे हो, उभी म्हणजे नाही. दादाला सगळं कळत होतं. तरी दारूचा ग्लास भरतच राहिला. शेवटी पाहुण्याला खांद्यावर घालून न्यावं लागलं.

हस, हस. मला हसता येत नाही अजून.

त्याची गाडी वळणावरून दरीत गेली, तो गेला, त्यानंतरच्या आठवड्यात ट्रायपॉडचं हे खोकं आलं. फाटकावर त्याच्या फोटोचा कागद, काळी फीत, आणि खोकं आणणारा पोरगा विचारतोय, “कालोयान कोण? त्यांनीच घ्यायचं आहे.” मी खोकं हिसकावून घेतलं.

आईने घरातले आरसे काळ्या फडक्यांनी झाकले होते. टीव्ही झाकला होता, पितळी कढई पालथी घातली होती. “ज्यात तोंड दिसतं ते सगळं झाकायचं,” ती म्हणाली. “चाळीस दिवस त्याला वाट शोधायची असते. आणि यावोर, त्याला हाक मारू नकोस. ऐकतोयस ना?”

मी मान आडवी हलवली. हो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा कॅमेरा आणि खोकं घेऊन वर गेलो.

त्याची शेवटची परीक्षा अर्धी राहू नये, एवढंच होतं मनात. म्हटलं, मला त्याच्यासारखं बोलता येत नाही तर नाही, मी करून दाखवतो.

धुकं होतं. त्या पडक्या घरांची दगडी छपरं दिसत होती, भिंती नव्हत्या दिसत. ओल्या दगडाचा आणि जुन्या धुराचा वास येत होता. तिथे वर्षानुवर्षं कोणी चूल पेटवलेली नाही, तरी धुराचा. मी ट्रायपॉड उघडला. पाय पातळ आहेत, पण चिमटे घट्ट बसतात. खालचं रबर ओल्या दगडावरही पकड सोडत नाही. मधली दांडी वर करून आवळायचा पेच धारदार आहे, बोट कापतो. हे बघ. दांडी मी माझ्या डोळ्यांच्या उंचीला आवळली. कॅमेरा बसतो त्या भागाला डोकं म्हणतात. ते आडवं फिरतं, वर-खाली होतं. तेही आवळलं. खाली दगडांची पिशवी अडकवली. हललं नाही. चांगली वस्तू आहे, झिवको.

मग कॅमेऱ्याचा छोटा पडदा माझ्याकडे वळवला आणि समोर जाऊन उभा राहिलो. पडद्यात माझं तोंड दिसलं. आईने घरभर फडकी टाकली होती. हा एवढासा पडदा आरसा आहे, हे ना तिच्या लक्षात आलं ना माझ्या.

“मंडळी...” एवढंच म्हणालो. तो जे म्हणायचा ते काहीच आठवेना. धुक्यात कुठे पाणी ठिबकत होतं, तेही थांबलं. आणि मी ओरडलो. आईचं, चाळीस दिवसांचं भान राहिलं नाही.

“दादा! आहेस का रे इथे?”

डोकं फिरलं. सावकाश. डावीकडे, मग उजवीकडे, परत मधोमध.

हो.

मी पळालो नाही. तू पळाला असतास. मी रडलो. आनंदाने रडलो, झिवको! जवळ जाऊन डोक्याचा पेच पाहिला, तर आवळलेलाच होता.

“चाळिसाव्याला जाणार तू?” मी हळूच विचारलं.

कॅमेऱ्याचं तोंड वर गेलं, खाली आलं.

नाही.

मला तेच हवं होतं. तेवढंच हवं होतं. मी म्हणालो, “मग घरी चल.”

उतरताना ट्रायपॉड खांद्यावर जड लागत होता. ओला झाला असेल, असं मनाला समजावलं.

चाळिसाव्याला आईने साखर-अक्रोड घालून गहू शिजवले, कबरीवर वाइन ओतली. घरी येऊन आरशांवरची फडकी काढली. “गेला रे माझा,” पाठ टेकत ती म्हणाली, “घर बघ कसं हलकं झालं.” कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली. मी तिला काय सांगणार? ट्रायपॉड माझ्या खोलीत, दाराच्या चौकटीशी उभा होता.

ती चौकट तुला माहीत आहे. लहानपणी आई सुरीने आमच्या उंचीची चिन्हं करायची. रात्री मी दांडी माझ्या चिन्हापाशी आवळून ठेवायचो. सकाळी ती दादाच्या चिन्हापाशी असायची. कॅमेरा काढून ठेवला होता, डोकं रिकामंच. तरी वर. मला बरंच वाटायचं. स्वस्त पेच सुटला तर दांडी खाली घसरते, हे दादानेच शिकवलं होतं. वर कोण चढवणार? तोच ना?

“उठलास का रे, लांबड्या?” मी म्हणायचो. डोकं आडवं हलायचं.

मग एके सकाळी दांडी दादाच्या चिन्हाच्या वर होती. बोटभर. दुसऱ्या दिवशी वीतभर. काल तर चौकटीच्या माथ्याला लागली होती. ही दांडी एवढी लांब नाही, झिवको. मी मोजून पाहिली आहे. आणि खोलीत तो वास होता. ओल्या दगडाचा, जुन्या धुराचा. दादाला धुराचा वास सहन व्हायचा नाही, तुला माहीत आहे, तो चुलीपाशी बसायचासुद्धा नाही.

स्वयंपाकघरात आई गुणगुणत होती. कालोयान गेल्यापासून पहिल्यांदाच. मी दार लोटून घेतलं आणि जे वर वस्तीतच विचारायला हवं होतं ते आज सकाळी विचारलं. तिथे मी ‘आहेस का’ एवढंच विचारलं होतं. कोण ते नव्हतं विचारलं.

“तू... कालोयानच आहेस ना?”

 मग डोकं वर गेलं. खाली आलं.

आणखी एकदा. वर. खाली.

मग मी त्याला इथे आणून कोपऱ्यात उभा केला. हळू बोल, आई पलीकडेच झोपली आहे. तिला अजून वाटतंय, तिचा मुलगा सुखाने गेला. गेलाही असेल. मग माझ्या खांद्यावर बसून कोण खाली आलं?

नेतोस म्हणालास तर मी नको म्हणणार नाही. वस्तू मजबूत आहे. पेच कधी सैल पडत नाहीत. फक्त एक सांग, झिवको. तू आलास तेव्हा त्याचं तोंड भिंतीकडे होतं ना? मीच तसं करून ठेवलं होतं.

मग ते तुझ्याकडे कधी वळलं?