कोकराचं पहिलं नाव

यात लिहिलेलं सगळं घडलेलं आहे. माणसं खरी आहेत, नावंसुद्धा खरी आहेत.

एक सोडून.

ते एक नाव मी मुद्दाम बदललंय. का, ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तुम्ही हसाल, आणि हसणारी माणसं मला या वर्षभरात भरपूर भेटली आहेत.

आणखी एक. इथे सगळे रात्रीच्या गोष्टी सांगतात. माझ्या गोष्टीत रात्रच नाही. मे संपत आला होता, आमच्याकडे, इतक्या उत्तरेला, त्या दिवसांत अंधार पडत नाही. भर दुपार होती, लख्ख उजेड होता. तेव्हा "अंधारात काहीतरी भास झाला असेल" एवढं तरी कृपा करून लिहू नका.

वीक गाव मागे पडलं की काळ्या वाळूचा लांबलचक पट्टा लागतो. डावीकडे हिमनदी, उजवीकडे समुद्र, मध्ये एकच रस्ता. घडलं ते तिथेच.

गाडीत आम्ही तिघं होतो. मी स्वाला, माझा नवरा ओर्री आणि मागच्या सीटवर आमची पाच महिन्यांची मुलगी.

तिला नाव नव्हतं. म्हणजे ठरलं होतं, पण ठेवलेलं नव्हतं. पाद्रीणबाई डोक्यावर पाणी घालतात आणि मोठ्यानं नाव घेतात, तोवर आईबापांनी ते कुणाला सांगायचं नसतं. मग तोवर बाळाला काहीतरी म्हणायचं. आमचं 'कोकरू' होतं.

ठरलेलं नाव माझ्या आईचं होतं. हेर्दिस.

आई गेली तेव्हा कोकरू माझ्या पोटात होतं. शेवटच्या आठवड्यात आईनं पोटावर हात ठेवून विचारलं होतं, "मुलगी झाली तर?" मी म्हटलं होतं, "तुझं नाव." त्यावर ती फक्त हसली होती. तिचं तेवढंच माझ्याकडे उरलं होतं. भांडी, कपडे, सगळं भावानं वाटून टाकलं. नाव मी ठेवून घेतलं.

नाव ठेवायचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी, होप्नला, ओर्रीच्या आईच्या घरी. तिचं नाव रानवेग. आणि रानवेगला सकाळपासून दम नव्हता, गाडीतल्या फोनवर सारखी तीच.

"स्वाला, केकवर जागा सोडलीय मी. गुलाबी साखरेनं नाव लिहायचंय."

"उद्या लिही ना, रानवेग. नाव ठेवल्यावर."

"साखर वाळायला नको? बरं, पहिलं अक्षर सांग. माझंच अक्षर आहे का, एवढं तरी सांग."

"आई, मला रस्ता बघू दे," ओर्री म्हणाला.

"तू गप्प बस. तुला मुलगी झाली तेही तुला शेजाऱ्यांनीच सांगितलं असेल."

ओर्री हसला. मला हसू आलं नाही. मी सकाळी लवकर निघू म्हणत होते, वादळाचा अंदाज होता. पण याला टायर तपासायचे होते. मग छतावरची पेटी बांधायची होती. मग परत टायर. पेट्रोल पंपावर याला हॉटडॉग हवा होता, त्याचा कुरकुरीत कांदा माझ्या मांडीवर सांडला, आणि तिथपासून कोकरू जे रडायला लागलं ते थांबेना.

वाळूच्या पट्ट्याशी आलो, तर रस्त्यावर आडवा दांडा. लाल दिवा.

पुढे आकाशापर्यंत काळी भिंत उभी होती. वाळूचं वादळ. त्यात शिरलं की गाडीचा रंग सोलून निघतो, काचा दुधाळ होतात.

"झालं समाधान?" मी म्हटलं.

"वादळ मी आणलंय का?"

"टायर तरी छान आहेत."

त्यानं गाडी वळवली आणि जवळच्या टेकडीखाली एक शेतघर होतं, तिकडे घेतली. थोरा नावाची म्हातारी एकटीच राहत होती. रस्ता बंद झाला की अडकलेल्यांना कॉफी आणि वाफल विकायची.

"दार दोन्ही हातांनी धर!" ओर्री ओरडला. वाऱ्यानं गाडीचं दार उपटून नेलेलं आम्ही पाहिलेलं आहे.

पण घराच्या मागच्या बाजूला टेकडीचा आडोसा होता. तिथे गवतसुद्धा हलत नव्हतं.

मी बाबागाडी काढली. कोकरू दुपारी घरात कधी झोपलेलंच नाही. आमच्याकडे कुणाचंच बाळ झोपत नाही. बर्फ पडत असला तरी लोकरीत गुंडाळून दाराबाहेर. बाळाजवळ आवाज ऐकवणाऱ्या मॉनिटरचा एक भाग ठेवायचा, दुसरा स्वयंपाकघरात आपल्याजवळ.

थोरा दारात उभी होती.

"नाव ठेवलं?"

"उद्या."

तिनं बाबागाडीकडे पाहिलं. "मग मागे नको. पुढच्या बाजूला ठेव."

"पुढे वारा आहे."

"हो. वारा आहे."

मी बाबागाडी मागच्या भिंतीलाच लावली. कोकरू दोन मिनिटांत झोपलं. कित्येक तासांनी पहिल्यांदा शांतता झाली.

आणि फोन वाजला.

मी भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथेच जरा रेंज मिळत होती.

"पोचलात कुठे? मी साखर कालवलीय. घट्ट होतेय. स्वाला, मी काय परकी आहे का? माझ्यापासून काय लपवायचं?"

"रानवेग, उद्या..."

"माझं नाव नाही, हे मला कळलंय. निदान कुणाचं आहे ते तरी कळू दे. आजी आहे मी तिची!"

काय झालं मला माहीत नाही. म्हणजे, माहीत आहे. टायर, हॉटडॉग, दांडा, रडणं, साखर. आणि आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

मी ओरडले.

"हेर्दिस! हेर्दिस! हेर्दिस! लिही साखरेनं! झालं?"

आवाज टेकडीवर आपटला. परत मात्र आला नाही.

आणि मग... वारा थांबला.

पुढच्या बाजूचाही. पत्रा वाजत होता, तो गप्प झाला. दूरची काळी भिंत तशीच उभी होती, पण ऐकू काहीच येत नव्हतं.

मी फोनकडे पाहिलं. कॉल केव्हाच तुटलेला होता.

लगेच रानवेगचा संदेश आला. "काही ऐकू आलं नाही. परत सांग, पहिलं अक्षर काय?"

मी चार पावलांवर उभी राहून ओरडले होते. कोकरू जागं झालं नव्हतं. पुटपुटलं तरी डोळे उघडणारी पोर. तेव्हाच मी तिला उचलून आत न्यायला हवं होतं.

पण झोपली आहे, झोपू दे, असं वाटलं. कोणत्याही आईला वाटेल.

आत थोरा कॉफी ओतत होती. ओर्रीचं दुसरं वाफल चाललं होतं. मॉनिटर टेबलावर, मुरंब्याच्या बरणीशेजारी. त्यातून कोकराचा श्वास येत होता. खोल, संथ.

मी पहिला घोट घेतला.

मग ऐकलं...

श्वास दोन होते.

एक नेहमीचा. दुसरा भरभर, वरवरचा. धावून आल्यासारखा.

"ओर्री. ऐक."

"काय?"

"दोन आहेत."

त्यानं कान दिला. "खरखर आहे. शेजारच्या कुणाच्या तरी मॉनिटरची लहर पकडत असेल."

"शेजार कुठे आहे इथे?"

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. वाळू, आणि वाळू. "तू झोपली नाहीयेस किती दिवस," तो म्हणाला. माझं काही ऐकायचं नसलं की तो हेच म्हणतो.

थोरानं किटली खाली ठेवली. ती मॉनिटरकडेच बघत होती.

आता बाबागाडीची स्प्रिंग वाजायला लागली. कुई... कुई... कुई... कुणीतरी झोका देत असल्यासारखी.

मी मागच्या खिडकीशी गेले. बाबागाडी स्थिर होती. अगदी स्थिर.

टेबलावर मात्र कुई... कुई...

मग एक छोटा आवाज. हसण्याचा.

तो कोकराचा नव्हता. स्वतःच्या बाळाचं हसू ओळखायला झोप पूर्ण झालेली असावी लागत नाही.

मी धावले.

कोकरू जागं होतं. रडत नव्हतं. गादीच्या एका कडेला सरकून, भिंतीशी चिकटून पडलं होतं. अजून तिला कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं. डोळे उघडे, आणि नजर शेजारी.

शेजारी गादीवर...

एक खळगा होता. तिच्याएवढाच. डोक्याचा वेगळा, पाठीचा वेगळा. मी हात लावला. बर्फात हात घातल्यासारखा गार. आणि तळाशी चिमूटभर काळी वाळू.

दुलई अर्धी त्या बाजूला ओढलेली होती.

मी कोकराला उचललं आणि आत पळाले. बाबागाडी तिथेच राहिली. मॉनिटरचा तो भागही तिच्यातच.

"निघूया," मी म्हटलं. "आत्ता. रेक्याविकला परत."

"वेडी आहेस का? उद्या वीस माणसं येणार आहेत. आईनं केक केलाय."

"केकचं नाव काढू नकोस!"

"बरं." ओर्रीनं माझ्याकडून तिला घेतलं. तोही वैतागला होता. आणि वैतागला की तो विनोद करतो. त्यानं तिला तोंडासमोर धरलं आणि म्हणाला, "चल गं, हेर्दिस. तुझ्या आईला सांग, काही नाहीये म्हणून."

कोकरू गप्प. बापाकडे बघतसुद्धा नव्हतं.

आणि टेबलावरच्या मॉनिटरमधून... बाहेरच्या रिकाम्या बाबागाडीतून...

उत्तर आलं.

"ह्ं?"

लहान मुलाला हाक मारली की ते मान वळवून करतं ना, तसं. खुशीत.

ओर्रीच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू?

थोरानं हात पुढे करून मॉनिटर बंद केला. दोघांच्या कपात उरलेली कॉफी मोरीत ओतली.

"तू बाहेर नाव घेतलंस का?" तिनं मला विचारलं.

मी मान डोलावली.

"दुसरं आहे का तुमच्याकडे?"

"दुसरं काय?"

"नाव."

"ते माझ्या आईचं आहे!" मी म्हटलं. "ते मी देणार नाही. कुणालाच देणार नाही."

"दिलंस तू, पोरी," थोरा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आता या पोरीला तेच नाव दिलंस, तर एका नावावर दोघी होतील. हाक मारशील तेव्हा कोण येईल, ते तुला कळायचं नाही."

"कोण आहे ती?"

तिनं खांदे उडवले. "नाव नसलेलं कुणीतरी. पूर्वी होती इथे तशी बरीच. हिवाळा मोठा असायचा, घरात खायला नसायचं. नाव ठेवायच्या आधीच बाळ बाहेर नेऊन सोडायचे. माझी पोरं मी पुढच्या बाजूला झोपवली. वाऱ्यात."

एवढंच. पुढे काही सांगितलं नाही, मी कितीही विचारलं तरी.

रस्ता उघडला तेव्हा आम्ही निघालो. बाबागाडी आणायला ओर्री गेला. बराच वेळ आला नाही. आला तो रिकाम्या हातांनी.

"राहू दे," म्हणाला. "नवीन घेऊ."

त्यानं तिथे काय पाहिलं ते आजवर सांगितलेलं नाही. विचारलं की म्हणतो, तूच झोपत नाहीस.

दुसऱ्या दिवशी रानवेगच्या बैठकीत सगळे जमले. काचेच्या वाडग्यात पाणी. केकवर मोकळी जागा. पाद्रीणबाईंनी विचारलं, "बाळाचं नाव काय?"

ओर्रीनं माझ्याकडे पाहिलं. आईचं नाव माझ्या जिभेवर होतं. मी शपथेवर सांगते, अगदी टोकावर होतं. कोकरू माझ्या हातांत होतं, तिचं डोकं ऊबदार होतं. मला तो गार खळगा आठवला.

"रानवेग," मी म्हटलं.

सासू ढसाढसा रडली. सगळ्यांसमोर माझे हात धरून म्हणाली, "आणि मी काय काय बोलले तुला!" मग धावत आत गेली आणि साखर घेऊन आली. ताजी कालवलेली होती, अक्षरं अजून ओलीच होती. मी केक खाल्ला. गोड होता. तिला मी आजवर काही सांगितलेलं नाही, आणि भाऊ मला आजवर विचारतो, आईला दिलेला शब्द कुठे गेला?

आता छोटी रानवेग दीड वर्षाची होत आली आहे. धडधाकट आहे, भरपूर बडबडते. होप्नला जायला तोच एक रस्ता आहे, त्यामुळे ती वाळू आम्हाला ओलांडावी लागतेच. दर वेळी दांड्यापाशी आलो की ती बोलायची थांबते. मग आपली दुलई अर्धी बाजूला सारते, रिकाम्या सीटवर. आणि थोपटते.

वाळू संपली की दुलई परत ओढून घेते. कधी कधी दुलईत काळे कण असतात. ओर्री म्हणतो, खिडकीतून येतात.

मागच्या खेपेला मी ओर्रीला गाडी थांबवायला लावली. खाली उतरले. मला नाव परत हवं होतं. राग आला होता मला. आजही येतो. माझ्या आईचं नाव तिकडे त्या वाळूत काय म्हणून राहील? तिच्या थडग्यापाशीसुद्धा मला तिचं नाव घेता येत नाही.

हेर्दिस हे तिचं नाव नाही. ते मी इथे लिहिण्यापुरतं घेतलंय. खरं नाव मी त्या दिवसापासून उच्चारलेलं नाही, लिहिलेलं नाही.

मी वाळूकडे तोंड करून उभी राहिले. वारा होता. तोंड उघडलं.

तेवढ्यात वारा थांबला.

कुणीतरी कान देऊन ऐकत होतं.

नाव परत मागायचं, तर आधी ते मोठ्यानं घ्यावं लागणार होतं. आणि मागे गाडीचं दार उघडं होतं... माझी मुलगी दुलई थोपटत होती.

मी तोंड मिटलं.