निळ्या होडीवरचे तुरे

दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर त्या दुपारी वारा असा काही सुटला, की तिच्या हातातली गवताच्या तुऱ्यांची पेंढी विस्कटली आणि ते पांढरे, मऊ तुरे उडत उडत गेले ते थेट एका ओल्या रंगाच्या होडीलाच चिकटले.

"अहो! माझी होडी म्हातारी झाली की!" ब्रश हातात धरून होडीवाला ओरडला.

तिला हसू आवरेना. मावशीच्या फुलांच्या दुकानासाठी ती हे रानगवत कापून न्यायची. फुलदाणीत वर्षभर टिकतं. "थांबा... मी काढून देते ना एकेक."

एकेक तुरा निघेपर्यंत ऊन कललं. निळ्या रंगावर ठसे उमटले ते उमटलेच.

"आता पुन्हा रंगवणं आलं," तो म्हणाला. पण तक्रार करणाऱ्याचा आवाज काही असा नसतो.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मग रोजच. ती तुरे कापायची, तो ब्रश फिरवायचा आणि मधल्या केवड्याच्या बनात वारा सळसळत राहायचा. एकदा वाळूवरची जांभळ्या फुलांची वेल ओलांडून तो तिच्याजवळ आला.

"हिला मर्यादवेल म्हणतात," ती म्हणाली. "समुद्रानं हिच्या पुढे यायचं नाही."

"समुद्रानं ना? मला कुणी काही बोललेलं नाही."

ती झटकन गवताकडे वळली... कान मात्र लाल झाले होते.

"अगं, दुकानात पाय ठेवायला जागा नाही," मावशी म्हणाली. "गवतच आणतेस ना तिथून, की आणखी काही?"

ती हसत हसत आणखी एक पेंढी कोपऱ्यात कोंबू लागली.

आणि एक दिवस तो म्हणाला, "उद्या होडी पाण्यात. दादाबरोबर लांबच्या बंदरावर जायचंय, हंगाम संपेपर्यंत."

तिचा विळा थबकला. "रंग... वाळला?"

"कधीचाच! मी आपला उगाच रंगाचे हातावर हात देत बसलोय. दादा म्हणतो, रंगाच्या वजनानंच बुडेल."

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. "गवत मलाही कधीच पुरे झालं होतं..."

समोरचं सगळं रान वाऱ्याबरोबर लवत होतं, उठत होतं.

"मी येईपर्यंत — थांबशील?" 'तुम्ही' कुठेतरी गळून पडल्याचं दोघांनाही एकदमच कळलं.

"थांबेन. पण मला सांगून भागायचं नाही. मावशीला सांग. आत्ता."

"आत्ता? या अवतारात?"

"याच," म्हणत तिनं त्याचा हात धरला, आणि दोघं गवतातल्या पायवाटेनं दुकानाकडे निघाली.