पाय आपटले तर...

डेन्मार्कातल्या ऑर्हुसला पाऊस वरून पडत नाही, बाजूनं येतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसांना विचाराल तर ती सांगतील की त्यांच्याकडे तो खालूनही येतो, कारण वारा त्याला जमिनीला टेकूच देत नाही. अशाच एका भिजक्या दुपारी सिसेल दुकानातल्या रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रापुढे रांगेत उभी होती आणि रांग हलत नव्हती. सगळ्यांत पुढे एक उंच, चिंब पोरगा प्रत्येक बाटली यंत्रात सोडण्याआधी ओठांना लावून फुंकत होता. हूऽऽ... मान हलवायची, बाटली आत. हूऽऽ... मान हलवायची, बाटली आत.

"डॉक्टर," सिसेल मागून म्हणाली, "सगळे पेशंट गेलेत. आता पुरून टाका."

तो वळला. पापण्यांवरून पाणी निथळत होतं. "एक जिवंत आहे," म्हणत त्यानं हिरवी बाटली उचलली. "ऐक."

सिसेलनं ऐकलं. मग पिशवीतली आपली एक काढून तिनंही फुंकली. दोन सूर एकमेकांना असे बिलगले की रांगेतल्या एका आजीबाईंना म्हणे त्यांचा पहिला नवरा आठवला... आणि दुसरा शेजारीच उभा होता.

"तुझ्यात थोडी बिअर राहिलीय," तो म्हणाला.

"माझ्यात नाही. बाटलीत."

"तेच... म्हणजे, बाटलीतच." आणि त्याचे कान इतके लाल झाले की दुकानदारानं त्या कोपऱ्यातला दिवा मालवून टाकला.

तो एस्बेन. त्या दिवसापासून ते दोघं मिळून झाले 'रिकाम्या बाटल्या'. ती गायची, गिटार वाजवायची. तो कीबोर्ड आणि तारांच्या जंजाळात बसून त्यातून समुद्र काढायचा. गाणी सगळी डेनिशमध्ये. इंग्रजीत गा, म्हणजे जगात चालाल, असं ज्यानं त्यानं सांगितलं, आणि ज्याला त्याला सिसेलनं दार दाखवलं. डेनिश म्हणजे तोंडात गरम बटाटा ठेवून बोलायची भाषा, अशी स्वीडनच्या लोकांची जुनी थट्टा. पण दोन वर्षांत स्वीडनचीच पोरं तोंडात बटाटा धरून ती गाणी म्हणायला लागली.

सगळं छान चाललं होतं. एक गोष्ट सोडून.

सिसेल एस्बेनच्या प्रेमात पडली होती, आणि एस्बेन पडला न कळायचा प्राणी. त्याच्या गावाकडे, तिकडे पश्चिम किनाऱ्यावर, बोलण्यावर बहुधा कर असावा. त्याच्या वडिलांनी त्याच्या आईला मागणी घातली ती हवामानाविषयी बोलता बोलता. तिला ते कळलं तेव्हा थोरला मुलगा शाळेत जात होता. म्हणून सिसेलनं ठरवलं होतं: आपणच बोलायचं. बंदरावरच्या जुन्या गोदामातला शनिवारचा कार्यक्रम झाला की लगेच.

पण शनिवारी दुपारी स्टॉकहोमहून हॅम्पुस आला. उत्तरेकडच्या पाचही देशांत उन्हाळी दौरे लावणारा माणूस. पांढरे बूट, गोड आवाज, आणि गोडव्याच्या आत खिळा.

"दौरा तुमचाच," तो म्हणाला. "बर्गन, हेलसिंकी, रेक्याविक, सगळं. फक्त एक करा. तुम्ही दोघं प्रेमात आहात."

सिसेलच्या हातातून काळ्या पावाचा तुकडा पडला. "कोण म्हणतं?"

"आम्ही म्हणणार. पोस्टरवर. आज शेवटच्या गाण्याआधी एक चुंबन घ्या, फोटोवाला मी आणलाय. अगं, लोकांना गाणं नको असतं. लोकांना तुम्ही दोघं हवे असता."

"मग आम्हाला वीक आणि गाणी फुकट वाट."

"खोटंच तर करायचंय. काय जातं तुझं?"

काय जातं ते तिलाच ठाऊक. आज बोलली तर एस्बेनला वाटणार, हॅम्पुसनं पढवलं. नाही बोलली तर... तिनं एस्बेनकडे पाहिलं. तो तारा गुंडाळत होता.

"तुझं काय म्हणणं?" तिनं विचारलं.

त्यानं एक तार उलगडून पुन्हा गुंडाळली. "मला वाटतं... कीबोर्डचं टेबल जरा डावीकडे हवं."

"धन्य आहेस." तिनं गिटार उचललं. "हॅम्पुस, हे ओठ गायला आहेत. आज मी ह्याच्याकडे बघणारसुद्धा नाही. काढ म्हणावं फोटो."

आणि बोलली ते तिनं करून दाखवलं. दिवसाढवळ्या कार्यक्रम, उंच खिडक्यांतून बंदराचं ऊन आत आलेलं, लांब लांब टेबलांवर लोक पेले घेऊन बसलेले. सिसेल एस्बेनकडे पाठ करून उभी राहिली आणि अशी गायली की धक्क्यावरचे समुद्रपक्षी मासे टाकून खिडक्यांवर येऊन बसले. रागानं गायली. हट्टानं गायली. मागून त्याचे सूर तिच्या पाठीला हलकेच हात लावल्यासारखे येत राहिले... पण तिनं मान वळवली नाही.

शेवटच्या गाण्याआधी हॅम्पुसनं पहिल्या टेबलावर चमच्यानं पेल्यावर टिचकी मारली. ठण.

आता लग्नाच्या जेवणात पाहुण्यांनी पेले वाजवले की नवरानवरीनं खुर्च्यांवर चढून सगळ्यांदेखत मुका घ्यायचा, हे तिथं शेंबड्या पोरालाही माहीत. ठण ठण. दुसरं टेबल. तिसरं. बघता बघता अख्खं गोदाम ठणठणू लागलं. फोटोवाला गुडघ्यावर बसला.

"लग्न कुणाचंय?" सिसेल माइकमध्ये म्हणाली. "नवरा चुकीच्या हॉलमध्ये गेलाय वाटतं."

लोक हसले, पण पेले थांबेनात. ती दात आवळून उभी राहिली. दौरा गेला तर गेला.

तेवढ्यात मागे धप्प झालं.

पुन्हा धप्प. धप्प.

एस्बेन पाय आपटत होता. कीबोर्डवरून हात काढून, कान लालभडक, आणि नजर थेट तिच्या पाठीवर.

सिसेलला लग्नातला दुसरा रिवाज आठवला. पेले वाजले तर मुका खुर्चीवर, सगळ्यांसमोर. पण पाय आपटले, तर टेबलाखाली... जिथं कुणालाच दिसत नाही.

ती वळली. आता सगळं गोदाम हसत हसत पाय आपटत होतं. तिकडे नॉर्वेत म्हणे भूकंपाची नोंद झाली. तिनं गिटार खाली ठेवलं, एस्बेनची बाही धरली आणि दोघं कीबोर्डच्या टेबलावरून लोंबणाऱ्या काळ्या कापडाआड गडप झाले.

आत तारा, अंधार आणि त्याच्या लोकरी स्वेटरचा वास.

"हे हॅम्पुससाठी?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"हॅम्पुसला इथलं काय दिसतंय?"

"मघाशी तोंड शिवलं होतं का तुझं?"

"त्याच्यासमोर कसं सांगणार?" तो पुटपुटला. "पहिल्या दिवसापासून... बाटली बाजूला राहिली. तू आवडलीस."

"दोन वर्षं, एस्बेन."

"आमच्याकडे ही घाई समजतात."

पुढे काय झालं ते सांगायला मी टेबलाखाली नव्हतो.

बाहेर हॅम्पुस कापडापाशी वाकला. "या ना बाहेर. लोक वाट बघतायत."

"बघू देत," आतून सिसेल म्हणाली. "ऐकायला आलेत ना?"

कापडाखालून एक हात आला आणि माइक आत ओढून घेऊन गेला. मग दुसरा, लांबलचक हात वर आला, त्यानं चाचपडत कीबोर्डची एक पट्टी शोधली आणि दाबून धरली. त्या एका सुरावर दोघांनी शेवटचं गाणं म्हटलं. बघायला काही नव्हतं. एक काळं कापड, बस्स. आणि शेकडो माणसं त्या कापडाकडे अशी कान देऊन बसली की पेल्यातला फेस विरताना ऐकू येत होता.

सकाळी हॅम्पुस आला तो करारातली चुंबनाची अट खोडूनच. हातात फोटोवाल्याला मिळालेला एकमेव फोटो होता: काळं कापड, आणि त्याखालून बाहेर राहिलेले चार बूट. तिचा, त्याचा, तिचा, त्याचा.

"पोस्टरवर हा चालेल?" त्यानं जपून विचारलं.

सिसेलनं फोटो पाहिला. एस्बेनकडेही पाहिलं, निवांत, हवं तेवढं.

"बूट खुशाल वीक," ती म्हणाली.