ओ कुणी दिली?

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला पटवत बसायचं नाही.

ज्या बाईबरोबर हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण. क्रांती. ती खोटं बोलायला लागली की तिचे कान लाल होतात, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. हे सांगताना तिचे कान पांढरेफटक होते.

आणखी एक. तुम्हाला अमावास्या, मध्यरात्र वगैरे हवी असेल तर ती इथं मिळणार नाही. हे घडलं गेल्या वर्षी मे महिन्यात, एका बुधवारी, भर दुपारी बाराच्या सुमारास. जागा चंदगडच्या पुढं, डोंगरात. नाव मुद्दाम सांगत नाही. उद्या कुणीतरी तिथं रील काढायला जाईल, आणि मला ते पाप नको.

क्रांती गडमुडशिंगीला दिलेली. नवरा यशराज, एमआयडीसीत सुपरवायझर. माणूस लाख चांगला. पण क्रांती त्याची दुसरी.

पहिली संयोगिता. ती डेंग्यूनं गेली तेव्हा पोरगी, मोना, दोन वर्षांची होती. गेल्या वर्षी मोना सहाची झाली.

आमच्याकडं काही घरांत अजून एक पद्धत पाळतात. दुसरी म्हणून आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. नखाएवढा सोन्याचा पत्रा, त्यावर बाईचा चेहरा उठवलेला. नवी साडी आली की आधी टाकाला दाखवायची. गोडधोड झालं की पहिला घास तिचा. क्रांतीच्या सासूबाई अंबूबाई, त्यांना सगळे आत्ती म्हणतात, त्यांनी वर आपलं एक घातलं होतं. घराबाहेर पडताना टाकाला हात लावून म्हणायचं, "अक्का, तुमी पुढं व्हा."

दोन वर्षं क्रांती हे म्हणत होती. दात-ओठ खात.

मेलेल्या बाईवर कोण जळतं, सांगा? क्रांती जळायची. मला स्वतः म्हणाली होती, "जिती सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. हिचं काय उपटू?"

आणि सगळ्यात जास्त जळायची ती एका शब्दावर. मोना तिला मावशी म्हणायची. डबा ही भरणार, वेण्या ही घालणार, तापात रात्रभर उशाशी ही बसणार... आणि आई कोण? तर भिंतीवरचा फोटो. तो एक शब्द सोडला तर क्रांतीला त्या घरातलं काही नको होतं.

तर सुट्टीचा बेत असा होता. मंगळवारी वॉटर पार्क. मग रोज नवी जागा, सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी.

वॉटर पार्कात घसरगुंडीवर दागिने चालत नाहीत. शिट्टीवाल्या बाईनं क्रांतीला अडवलं. "ताई, गळ्यातलं सगळं काढून लॉकरला ठेवा."

मंगळसूत्र निघालं. टाकही निघाला.

दोन वर्षांत पहिल्यांदा तिचा गळा मोकळा झाला. आणि काय सांगू, त्या दिवशी सगळंच मोकळं झालं. यशराज तिच्या अंगावर पाणी उडवत पोरासारखा खिदळत होता. मोना तिच्या मांडीत बसून उंच घसरगुंडीवरून खाली आली, मध्येच घाबरली आणि तिच्या गळ्याला मिठी मारून किंचाळली...

"आईऽऽ!"

क्रांती त्या पाण्यात बसून ढसाढसा रडली. सगळेच ओले होते, त्यामुळं कुणाला कळलं नाही.

घरी येताना यशराज म्हणाला, "बास झालं पार्क-बिर्क. उद्या तुमास्नी गर्दी न्हाय अशी जागा दावतो."

बुधवारी सकाळी तिनं मंगळसूत्र घातलं. टाक हातात घेतला. खूप वेळ बघत बसली. मग त्या सोन्याच्या चेहऱ्याला म्हणाली, "आजचा दीस मला दे. तू बस घरात."

टाक स्टीलच्या डबीत, डबी कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली पर्समध्ये. आत्तींना दिसू नये म्हणून कॉलरचा ड्रेस घातला.

दारात आत्तींनी विचारलंच. "म्हटलीस का गं, पुढं व्हा म्हणून?"

"व्हय, म्हटलं की."

कान लाल झाले असणार. आत्तींना मोतीबिंदू. त्यांना काय दिसणार?

गुडघे दुखतात म्हणून आत्ती घरीच राहिल्या. मोनाला गाडी लागते, म्हणून क्रांती तिला घेऊन मागं बसली. पुढची सीट मोकळी. गाडीत गाणी, चिरमुरे, हसणं. मोनानं आणखी दोनदा आई म्हटलं. क्रांती मनात मोजत होती.

गडहिंग्लज मागं पडलं आणि फोन वाजला. आत्ती.

"क्रांते, तुमच्या खोलीतलं कपाट वाजाय लागलंय."

"म्हंजे?"

"आतनं वाजतंय. धडाधडा. मांजर कोंडून गेलीस काय?"

"असंल की. तुमी नका जाऊ तिकडं."

दहा मिनिटांनी परत फोन.

"गप झालं बघ. मांजर-बिंजर काय न्हाय. आणि कपाटाला कुलूप न्हाय घातलीस व्हय? दार सताड उघडं हाय की!"

क्रांतीनं पर्स चाचपली.

किल्ली जागेवर होती.

तिनं फोन खाली ठेवला, आणि...

टिंग... टिंग... टिंग...

पुढच्या सीटचा पट्टा लावलेला नसला की गाडी ओरडते ना, तो आवाज. कुणी बसलं असेल तरच ओरडते.

सीटवर कुणी नव्हतं. पिशवीसुद्धा नव्हती.

"सेन्सर मेला ह्याचा," यशराज म्हणाला. सीटवर दोन थापा मारल्या. आवाज थांबेना. शेवटी त्यानं गाडी बाजूला घेतली, वाकून पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून घालून खटकन् अडकवला.

आवाज बंद.

क्रांती मागून बघत होती. मला म्हणाली, "खरं सांगू? भीती मागनं वाटली. आदी राग आला. दोन वर्सांत ह्यानं माझा पट्टा कधी लावला न्हाय."

मग तिनं नीट बघितलं...

रिकाम्या सीटवर पट्टा सीटला चिकटून बसतो. हा चिकटला नव्हता. वीतभर पुढं राहिला होता. ताणलेला.

बोलली असती तर टाक घरी ठेवल्याचं सांगावं लागलं असतं.

साडेअकराला पोचले. मोठं माळरान, लाल माती, वारा, करवंदाच्या जाळ्या. पलीकडं सरळ खाली तुटलेला कडा आणि खोल दरी. कठडा-बिठडा काही नाही. गाडी लावली तिथं एका झाडाखाली शालूबाई म्हणून एक म्हातारी करवंदं आणि कोकम सरबत विकत बसलेली. यशराजला बघताच तोंडभर हसली.

"या पावणं! लई वर्सांनी आलासा!"

मग क्रांतीकडं बघितलं. खालपासून वरपर्यंत. "ह्या त्या न्हवंत वाटतं?"

यशराजचा चेहरा पडला.

म्हातारीला कुठलं कळतंय! ती आपली सांगत सुटली. "त्या वैनी त्या दगडावर बसल्यात्या. उठायलाच तयार न्हवत्या. म्हणाल्या, आजी, मला पोरगं झालं की हितंच घिऊन येते, बघा तुमी."

क्रांतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही तिची जागा हाय?"

"अगं, जागा कुणाची असती व्हय..."

"मला न्हाय आणलासा तुमी. तिला आणलासा! घरात ती, ताटात ती, गळ्यात ती, आणि आता हितंबी तीच? मी कुठं हाय?"

यशराजही चिडला. दोन वर्षांचं साठलेलं त्या माळावर भडाभडा बाहेर पडलं. शालूबाई सरबताचा पेला हातात धरून बघत राहिली.

पाच मिनिटं झाली असतील. जास्त नाही.

क्रांतीनं डोळे पुसले आणि खाली बघितलं. करवंदांचा पानाचा द्रोण जमिनीवर होता. निम्मी करवंदं सांडलेली.

मोना नव्हती.

लांबून, वाऱ्यातून, तिचा आवाज आला...

"आईऽऽ!"

आता बघा, एवढ्या घाईतसुद्धा क्रांतीचं काळीज सुपाएवढं झालं. चौथ्यांदा आई म्हणाली. तिनं ओ द्यायला तोंड उघडलं...

"ओऽऽ..."

क्रांतीनं दिली नव्हती.

ओ आली होती समोरून. कड्याच्या बाजूनं. गोड, लाडिक, जेवायला बोलावताना आई देते तशी.

तिनं वळून यशराजकडं बघितलं. तो जागच्या जागी थिजला होता. त्यानं तो आवाज ओळखला होता.

मोना हसत हसत त्या आवाजाकडं पळत होती.

क्रांती धावली. चपलेचा अंगठा तुटला, तशीच अनवाणी धावली. "मोना! थांब! मोनाऽ!" पोरीनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. तिला ते ऐकूच जात नव्हतं. कडा वीस पावलांवर राहिला. मग दहा. क्रांतीला कळून चुकलं की आपण पोचत नाही.

आणि तिनं तोंडातून काढलं ते मोनासाठी नव्हतं.

"अक्का!"

ती गुडघ्यावर कोसळली.

"अक्का, पोरगी तुमचीच हाय! आई तुमीच! मी न्हाय म्हणवून घ्यायची... कंदीच न्हाय म्हणवून घ्यायची! पर तिला धरा! धरा तिला!"

वारा पडला.

मोना थांबली.

पळणारं पोर थांबतं तशी नाही. तिचा फ्रॉक मागच्या बाजूनं ताणला गेला, कुणीतरी मुठीत धरावा तसा. पाय पुढं आणि अंग मागं. मग ती धप्पकन् खाली बसली. कड्यापासून दोन हातांवर.

क्रांतीनं तिला उचललं, छातीशी धरलं. फ्रॉकच्या पाठीवर पाच बोटांच्या चुण्या पडलेल्या. यशराजनंही त्या बघितल्या.

"कोण गं हुतं तितं?" क्रांतीनं विचारलं.

"आई."

"आता कुठं हाय?"

मोनानं बोट दाखवलं. मागं, गाडीकडं.

गाडीची दारं बंद होती. किल्ली यशराजच्या खिशात. शालूबाई पाटी, पेले, सगळं तिथंच टाकून निघून गेली होती. आणि त्या शांत माळावर आवाज येत होता...

टिंग... टिंग... टिंग...

या वेळी पुढचा पट्टा क्रांतीनं स्वतः लावला. यशराजनं गाडी सरळ घरी आणली.

कपाट उघडंच होतं. डबी बंद होती. आत टाक होता, ठेवला तसाच. फक्त त्याला माती लागली होती.

आमच्याकडची माती काळी. ही लाल होती.

क्रांतीनं टाक धुतला, पुसला आणि गळ्यात घातला. तो आजतागायत काढलेला नाही.

मी यावर पुष्कळ विचार केला. कड्याकडं बोलावणारी तीच आणि धरून ठेवणारीही तीच? की तिला पोरगी न्यायची नव्हतीच, फक्त क्रांतीच्या तोंडून ते एवढं वदवून घ्यायचं होतं? मला माहीत नाही. क्रांती म्हणते, विचारू नको.

गेल्या महिन्यात मी पेठ वडगावहून सहज तिच्याकडं गेले होते. दुपारची वेळ. यशराज कामावर, आत्ती देवळात. क्रांती भाकरी थापत होती आणि मी शेजारी बसलेले. बाहेर मोना सायकल लावत होती.

"आईऽऽ!"

क्रांतीचे हात थांबले. पण तिनं ओ दिली नाही.

मी म्हटलं, "अगं, ओ दे की. पोरगी हाक मारालीय."

"थांब," ती म्हणाली. डोळे काठोकाठ भरलेले. "आदी त्या देत्यात."

मी कान दिला. देवाशपथ सांगते, मला काही ऐकू आलं नाही. तव्यावरची भाकरी तेवढी करपत होती.

बाहेरून मोना म्हणाली, "व्हय... व्हय गं... पाय धुऊनच येते."

मग दारात आली. पाय ओले. आमच्याकडं बघून हसली.

"मावशी, आई म्हणाली, मला वाढ."

क्रांती उठली. ताट घेतलं. भाकरी मोडली, पहिला घास बाजूला काढून ठेवला आणि मग मोनाला वाढलं.