गाडीच्या दारातलं पाणी

ती गॅरेजमध्ये आली तेव्हा तिच्या हातात एक बूट होता. पुरुषाचा, काळा. तिने तो माझ्यासमोर उलटा केला. वाटीभर पाणी पडलं.

"हा बूट गाडीत होता," ती म्हणाली. "आणि पाऊस गाडीबाहेर."

"गळती आहे तर. बसा ना, ताई."

ताई म्हणालो आणि जीभ चावली. तिने भुवया वर केल्या. हसली... बहुतेक हसलीच.

बूट तिच्या वडिलांचा. गाडीही त्यांचीच, जवळजवळ तिच्याच वयाची. ते गाडीपाशी उभे होते, तिच्या टपावर हात ठेवून.

गळती शोधायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून टॉर्च धरायचा, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं. आधी खाली, मग हळूहळू वर. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही.

"मी बसते आत," ती म्हणाली. "थेंब दिसला की काच वाजवीन."

मी पाणी सोडत होतो, ती आत वाकून बघत होती. मध्येच काचेजवळ तोंड आणून ओरडायची, "झोपलात का?" काचेवरून पाणी वाहत होतं आणि पलीकडे तिचा चेहरा दिसत होता. मी किती वेळ एकाच जागी पाइप धरून उभा होतो, कोणास ठाऊक.

तिने दार उघडलं. "थेंब मघाशीच दिसला. दोनदा वाजवलं. लक्ष कुठे होतं?"

"रबराकडे."

"रबर त्या बाजूला आहे, मिस्त्री."

समोरच्या काचेचं रबर कडक होऊन आकसलं होतं. नवं बसवलं. दाराच्या खालच्या कडेला गंज दिसला, तिथे फटी बुजवायचं सीलंटही थापलं, जाडसर, न सांगता. हात दारावर होते आणि डोळे तिच्यावर.

पंधरा दिवसांनी गाडी परत आली. चालवणाऱ्याच्या पायाखालचा गालिचा चिंब.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तुमचं काम चोख आहे हो. हे आमच्या बाबांचे प्रताप. काच उघडी ठेवतात आणि विसरतात."

"लावली होती गं मी," वडील म्हणाले.

मी दार उघडलं. दाराच्या आत पाणी डुचमळलं. तेवढ्या आवाजावरून मला सगळं कळलं. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोकळीत उतरतंच. ते निघून जायला दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात. ती मी सीलंटने बुजवली होती. दार भरलं आणि पाणी आत सांडलं.

"काय झालंय?" तिने विचारलं. तिच्या नजरेत माझ्याबद्दल विश्वास होता. तो मला घालवायचा नव्हता.

"काच... थोडी खाली राहिली असेल," मी म्हणालो.

"बघा, बाबा! मिस्त्रीही तेच म्हणतात."

वडिलांनी काचेच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "नसेल लावली. हल्ली माझं काही खरं नाही."

तिने हात पुढे केला. त्यांनी खिशातून किल्ली काढून तिला दिली. "आता गाडी मीच चालवणार," ती म्हणाली.

गाडी वाळायला माझ्याकडे ठेवून दोघं पायी गेली. मी स्क्रूड्रायव्हरने भोकं मोकळी केली. बादलीभर पाणी निघालं.

ती रोज यायची.

"वाळली का?"

"अजून ओल आहे."

"गालिचा आहे की समुद्र?"

तो दुसऱ्याच दिवशी वाळला होता. पण ती यायची, उंबऱ्यावर टेकून बोलायची, जाताना वळून बघायची... मग मी कसं सांगणार?

चौथ्या दिवशी ती हसली नाही. "बाबा बोलतच नाहीत. गॅस बंद केला का, मला दोनदोनदा विचारतात. बंद त्यांनी स्वतःच केलेला असतो."

माझे कान तापले. "काच लावलेली होती," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. खरवडलेलं सीलंटही दाखवलं.

"आणि हे आज सांगताय?"

"तुमच्यासमोर... नाचक्की नको होती."

"म्हणून बाबांची केलीत?" तिने किल्ली उचलली. "मला नको सांगूस. त्यांना सांग." तुम्हीवरून ती तूवर आली, ती अशी रागात.

मी त्यांच्या घरी गेलो. जमिनीकडे बघत त्यांना सगळं सांगितलं, माफी मागितली.

"म्हणजे मी काच लावली होती?"

"हो, काका."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी आत हाक मारली, "ऐकलंस का गं? लावली होती मी!" आणि त्यांचा आवाज चिरकला. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. पाणी दिलं, बस म्हणाले. त्यापेक्षा दोन शिव्या बऱ्या होत्या.

दहा दिवस तिचा पत्ता नव्हता. मग एका संध्याकाळी गॅरेजसमोर गाडी थांबली. वडील चालवत होते. ती उतरली आणि ते न थांबता निघूनही गेले.

"बाबांनी इथवर सोडलंय," ती म्हणाली. "घरी तू सोड म्हणाले. चालत."

"अजून रागावली आहेस?"

"आहे. चल."

अर्ध्या रस्त्यात मी तिला मनातलं सांगितलं. अडखळत, पण सांगितलं.

ती चालता चालता म्हणाली, "हे मात्र वेळेवर सांगितलंस."

आमचा संसार एकतीस वर्षं झाला. भांडणं पुष्कळ झाली, पण त्या गाडीची गोष्ट तिने एकदाही काढली नाही. माझ्यामुळे तिने आपल्या वडिलांच्या हातून किल्ली काढून घेतली होती. वडिलांची माफी मी त्यांच्या घरी गेलो त्याच दिवशी मागितली.

तिला जाऊन दीड वर्ष झालं. तिची मागायची राहूनच गेली.