दुपारची पापणी

पीटीचे मास्तर चष्म्याच्या दुकानात शिरले ते डोळे तपासायला. तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांना वाचताच आली नाही, कारण नेमक्या त्याच क्षणी काउंटरपलीकडच्या चष्मेवालीने त्यांना डोळा मारला.

उजवा. सावकाश... कसलीही घाई नसल्यासारखा.

मास्तरांचे कान लाल झाले. अख्ख्या शाळेला एका शिट्टीत रांगेत उभं करणारा हा माणूस पावती न घेताच बाहेर पडला.

नवा चष्मा आला आणि लगेच आजारी पडला. आधी त्याचा स्क्रू सैल झाला, मग दांडी कानामागे टोचू लागली. हे सगळं शाळा सुटल्यावर, दुपारीच व्हायचं. आणि दर वेळी तो डोळा हळूच मिटायचा. अखेर एका दुपारी मास्तरांनी धीर केला, आजूबाजूला कोणी नाही असं पाहिलं आणि उलट डोळा मारला.

"डोळ्यात काही गेलं का?" तिने विचारलं.

"नाही... म्हणजे — सुरुवात तुम्ही केलीत."

ती क्षणभर बघत राहिली. मग इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं.

"अहो मास्तर, ही उजवी पापणी पडते! आजार आहे मला. नस निरोप धाडते, पण तो स्नायूपर्यंत धड पोचत नाही. सकाळी गोळी घेतली की सगळे स्नायू ऐकतात. दुपारपर्यंत दमतात. आधी ही पापणी, मग हात, कधी कधी जीभसुद्धा."

"म्हणजे दुपारी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तुम्ही..."

"प्रत्येकाला. पण स्क्रू फक्त तुमचाच सैल झाला."

दुसरा कोणी असता तर तोंड लपवून घरी गेला असता. मास्तर म्हणाले, "मग व्यायाम करा!"

"करते. रोज सकाळी, बागेत."

"मी येतो."

"बोलावलंय कुणी?"

मास्तर आले. गळ्यात शिट्टी घालून आले.

ती एक बाक गाठायची आणि बसायची. श्वास निवळला की उठून पुढचा बाक. मास्तरांना हे बघवेना. "अजून थोडं! जरा घाम तरी येऊ द्या!"

"दमायच्या आधी थांबायचं, असं डॉक्टरांनी शिकवलंय. दमले की माझा दिवस गेला. आणि अजिबात हललेच नाही, तर आहे ती ताकदही जाईल. या दोन्हींच्या मधून चालायचं असतं. जमेल तुमच्या शिट्टीला?"

दमायच्या आधी थांबणाऱ्या पोराला कोपऱ्यात उभं करण्यात मास्तरांची हयात गेली होती. ते बाकाच्या अगदी कडेला बसले, बदलीचा हुकूम आल्यासारखे. पण बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. हळूहळू ते बाकाच्या मध्यापर्यंत सरकले. तिला ते दिसलं... पण ती तसूभरही बाजूला झाली नाही.

एका सकाळी तिचा मामा बागेत उगवला. तिच्या घरी वडील नव्हते, म्हणून सल्ला द्यायचं काम मामाने फुकटात अंगावर घेतलं होतं.

"तुझ्या आईशी बोलणं झालंय माझं. दुकान बंद, हे भटकणंही बंद. पलंगावर पडून राहायचं. आहे तेवढी ताकद जपायची."

"पलंगावर त्या ताकदीचं काय लोणचं घालू? डॉक्टर म्हणतात चाल, तू म्हणतोस पड. तू डॉक्टर कधी झालास, मामा?"

"अगं, उद्या तुला पत्करणार कोण?"

"मी काय पार्सल आहे?" ती उठून उभी राहिली. "दुकान चालू राहणार आणि मीही चालत राहणार. मला बसायचं असेल तेव्हा मी बसेन. मला कुणी बसवायचं नाही!"

मामाने मोर्चा वळवला. "आणि आपण कोण?"

मास्तर ताडकन उभे राहिले. "गिऱ्हाईक," ते म्हणाले. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. "म्हणजे — यांच्याबरोबर बसणारा."

"दुसरा कामधंदा नाही?"

"आहे. पण तो याच्यापेक्षा सोपा आहे."

मामा पाय आपटत तरातरा निघून गेला. पुढच्या वळणावर त्याला बाकाचा आधार घ्यावा लागला.

ती खाली बसली.

"मला एक विचारायचं होतं..." मास्तर म्हणाले.

"विचारा. पण कीव आली म्हणून विचारत असाल, तर चष्मा दुसरीकडे दुरुस्त करून घ्या. हा आजार जन्मभराचा आहे. कधी चांगले दिवस, कधी हॉस्पिटल."

"रोज तुम्ही मला इथे गप्प बसवता. कीव कुणाची यायला हवी?" मास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढून तिच्या ओंजळीत ठेवली. "थांबायचं कधी, निघायचं कधी... ते तुम्ही सांगायचं. जन्मभर — चालेल?"

शिट्टी तिने स्वतःच्या गळ्यात घातली. मग मास्तरांकडे पाहत सावकाश एक डोळा मिटला... कसलीही घाई नसल्यासारखा.

"दमलात?" मास्तर घाबरून ओरडले.

मग त्यांच्या लक्षात आलं. सकाळ होती. गोळी चांगली लागू पडली होती. आणि डोळा डावा होता.