एनोस क्रॅबट्रीचा पहारा

मी एकतीस वर्षं जमिनी मोजल्या. ओहायोतल्या आमच्या जिल्ह्यात कुणाचं कुंपण कुणाच्या शेतात किती घुसलंय, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. फीत खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, एवढंच माझं तत्त्वज्ञान. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. घरात मी आणि ब्याण्णव वर्षांची आई. दोन वर्षांत ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली नव्हती, पण जीभ मात्र शाबूत होती.

"लोर्ना, माझे डोळे मिटायच्या आत पणजोबांचं नाव पुकारलेलं ऐकव मला," असं ती दर वसंतात म्हणायची.

मेच्या शेवटच्या सोमवारी, कबरींवर पिओनीची फुलं वाहून झाली की आमच्या गावात हजेरी होते. यादवी युद्धात गावातून गेलेल्या पायदळाच्या कंपनीतलं एकेक नाव पुकारायचं आणि त्या घरातल्या कुणीतरी 'हजर' म्हणायचं. चौऱ्याऐंशी नावं. पंच्याऐंशीवा एनोस क्रॅबट्री, आईचा पणजोबा. तो यादीत नाही, स्मारकाच्या दगडावर नाही. टेनेसीत पहाऱ्यावरून पळाला म्हणून. आई शाळेत होती तेव्हा तिला बघून पोरं जागच्या जागी धावून दाखवायची. ऐंशी वर्षं झाली त्याला, तरी सांगताना तिची हनुवटी थरथरायची.

यंदा मी मनावर घेतलं. वॉशिंग्टनहून एनोसचे कागद मागवले. दर दोन महिन्यांची एक चिठ्ठी: हजर, हजर, हजर. मग ऑक्टोबर १८६३ ची, पळाला. पुढे काही नाही. दुसऱ्या कुणी तसंच सोडून दिलं असतं. मी त्या दिवशीच्या पहाऱ्याचा कॉर्पोरल कोण होता ते शोधलं आणि त्याच्या पेन्शनचे कागद मागवले. म्हाताऱ्याने झोप येत नाही म्हणून पेन्शन मागितली होती. डॉक्टरने कारण विचारलं, ते त्याने सांगितलं, आणि डॉक्टरने लिहून घेतलं.

'धुकं होतं. मी क्रॅबट्रीला गिरणीच्या ओढ्यापाशी, दगडी कुंपणाच्या कोपऱ्यात उभा केला. पहाटे अचानक कूच झालं. त्याला पहाऱ्यावरून सोडवायला जायचं काम माझ्याकडे होतं. मी विसरलो. नंतर भीतीने बोललो नाही. मी येईपर्यंत हलणार नाही, असं तो मला म्हणाला होता.'

हा कॉर्पोरल व्हिटकम. हजेरी पुकारणारा हार्लन व्हिटकम त्याचाच पणतू. शाळेत माझ्या वर्गात होता आणि तेव्हाही असाच शिष्ट होता. मी आईला चाकाच्या खुर्चीत घालून त्याच्या घरी नेलं आणि कागद टेबलावर ठेवला.

"हार्लन, आधी बस. मग वाच."

त्याने दोनदा वाचलं. कान लाल झाले.

"तुला लाज काढायचीय का माझी, सगळ्या गावासमोर?"

"तुझी लाज तुझ्यापाशी ठेव. नाव पुकार, बस्स."

त्याने कागदाची घडी घातली. "पुकारतो," म्हणाला. तो स्वतः सहा वर्षं सैन्यात होता. मग उगीच, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "पहाऱ्याचा नियम अजून तोच आहे बघ. जागा रिकामी सोडायची नाही. सोडवायला आलेला तिथे उभा राहतो, तेव्हा पहिला जातो."

"सोडवायला कोण लागतं?" आईने विचारलं.

"त्याच कंपनीतलं कुणीतरी, काकू."

"मग घरचं चालेल," आई म्हणाली आणि टेनेसीला जायचा हट्ट धरून बसली.

जुन्या नकाशावर गिरणी होती, ओढा होता. कुंपणाचा कोपरा कुठे असेल, ते मी घरबसल्या पन्नास फुटांच्या अंदाजापर्यंत आणलं. सात तास गाडी चालवून आम्ही भर दुपारी पोचलो. शेत नेवा स्टिन्सन नावाच्या बाईंचं. साठीच्या असतील. त्यांनी गोड थंड चहा दिला. मी कोपऱ्याचं विचारलं तेव्हा त्या चहाच्या बाटलीचं झाकण लावता लावता थांबल्या.

"ती जागा आम्ही नांगरत नाही."

"का?"

"माझे आजोबा नांगरत नव्हते म्हणून. बर्फ पडला तरी तिथे राहत नाही. गाय तिथवर येते आणि वळसा घालून जाते." त्या हसल्या, पण नुसत्या ओठांनी. "कडाक्याच्या थंडीत आम्ही तिथे मक्याची भाकरी ठेवतो. सकाळी नसते. रॅकून खात असतील, दुसरं कोण!"

गुडघाभर गवत, आणि कोपऱ्यात दोन वीत उघडी लाल माती. मी फीत लावली. टाचांचे दोन खळगे, मध्ये नऊ इंच. खाली खडक असेल, वर पाणी साचत असेल, असं मी वहीत लिहिलं. पण चार दिवस पाऊस नव्हता आणि खळग्यांच्या कडा ओल्या होत्या. मी बोट लावून पाहिलं. माती कोमट होती.

"मला जवळ ने," आई म्हणाली.

मी खुर्ची नेली. वारा नव्हता. आईने पदकं घातलेल्या माणसाशी बोलावं तशी मान ताठ केली.

"पणजोबा, मी व्हर्ना क्रॅबट्री. तुमचा पहारा संपला. आता मी आहे. घरी जा."

"आई, काय बोलतेस हे?"

"तू गप्प बस. तुला नाही कळायचं."

गवत आमच्या डाव्या हाताला, उत्तरेकडे, एका ओळीत दबत गेलं. पंधरा-वीस फूट. मग थांबलं. मी पाहिलं. नेवाबाईंनीही पाहिलं.

परतल्यावर आईचे पाय दुखायला लागले. "फार वेळ उभं राहिल्यासारखे," म्हणायची. मी तेल चोळायची. तळवे लालसर दिसायचे. साबणाने जात नव्हते.

हजेरीचा सोमवार उजाडला. दीडेकशे माणसं होती. हार्लनने चौऱ्याऐंशी नावं पुकारली, घसा खाकरला, आणि सगळ्यांसमोर आपल्या पणजोबाचा कागद वाचला. मला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. मग तो म्हणाला, "एनोस क्रॅबट्री."

मी तोंड उघडलं.

"हजर."

पुरुषाचा आवाज. तरुण, कोरडा, बरेच दिवस पाणी न मिळालेल्या माणसाचा. आमच्या मागून. मागे फक्त कुंपण होतं.

हार्लन कागद धरून त्या कुंपणाकडे बघत होता. लोकांना वाटलं, आमचाच कुणी पाहुणा असेल.

आई रडत होती आणि हसत होती. "पोचला गं," म्हणाली. असा चेहरा तिचा मी जन्मात पाहिला नव्हता.

नवव्या दिवशी ती झोपेत गेली. मी तिला माझ्या बापाशेजारी पुरलं. पेटी माझ्या डोळ्यांसमोर खाली गेली, माती मी स्वतः लोटली.

काल सकाळी अकराला नेवाबाईंचा फोन आला.

"लोर्ना, तुमच्या आईंना एकटं कसं सोडलंत हो?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कालपासून कोपऱ्यात उभ्या आहेत. खुर्ची नाही, काठी नाही. इथे धो धो पाऊस पडतोय. मी छत्री घेऊन गेले, आत चला म्हटलं, भाकरी गरम आहे म्हटलं. तर मलाच म्हणाल्या, थांब, कोण आहे? मी नाव सांगितलं."

"मग?"

"म्हणाल्या, तू नव्हे. माझी लोर्ना येईल."

फोन ठेवल्यावर मी फीत काढली, पुसली आणि परत जागेवर ठेवली. तिचा काही उपयोग नाही. आईचे पाय दुखत असतील. गाडीत पेट्रोल भरून आणलंय, काय म्हणायचं तेही पाठ आहे.

मला मूलबाळ नाही, हे मी मघाशी सांगितलंच.